ग्लुटेनमुक्त पिठाचा पाव घरी करताना: माझा अनुभव

ग्लुटेन म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण आणि चिकटपणा देणारे प्रथिन. ते नसलेल्या, म्हणजे ग्लुटेनमुक्त पावात पाणी किती घातले आणि प्रत्येक टप्प्यावर किती थांबलो, यावर सगळे ठरते. मैद्याच्या कृतीत नुसते पीठ बदलले तर केक बऱ्यापैकी जमतो; पावाची मात्र वीट होते.

एक किलो मिश्रणासाठी मी ४०० ग्रॅम तांदळाची पिठी आणि ज्वारीचे पीठ, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका स्टार्च प्रत्येकी २०० ग्रॅम घेते. पिठी मोदकांसाठी मिळते तशी बारीक हवी. भाकरीचे तांदळाचे पीठ रवाळ असते आणि पाव दाताखाली कचकचतो. ज्वारीने चव आणि रंग येतो, पण ती वाढवली की पाव कोरडा पडून भुगा होतो. बटाट्याचा स्टार्च नसेल तर पांढरे कॉर्नफ्लॉवर चालते, मक्याचे पिवळे पीठ नाही. टॅपिओकाऐवजी साबुदाणा दळून घालू नये. तो बनतानाच अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे पाणी वेगळ्या तऱ्हेने शोषतो. कपाने मोजू नका, वजनकाटाच वापरा. या पिठांचे कपातले वजन फार वेगवेगळे भरते.

तयार मिश्रण आणले तर पाकीट नीट वाचावे. त्यात झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) असेल तर वरून घालायचा नाही, नाहीतर केक चिकट रबरासारखा होतो. नसेल तर केकला कपभर पिठामागे अर्धा छोटा चमचा, बिस्किटांना पाव चमचा पुरतो. केकचे मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले की पिठी भिजते आणि रवाळपणा जातो.

पावाला मी गमऐवजी इसबगोलची भुशी वापरते. ज्वारी-तांदळात ग्लुटेन नसते म्हणूनच आपण भाकरीला गरम पाणी घेतो किंवा उकड काढतो. पिठाला धरून ठेवण्याचे तेच काम इथे इसबगोल करते. ४०० ग्रॅम पिठाला २० ग्रॅम भुशी ४०० ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून पाच मिनिटांत घट्ट जेल होऊ द्यावे. पिठात ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ मिसळावे. मग जेल, २० ग्रॅम तेल आणि एक चमचा व्हिनेगर घालून गुठळ्या मोडेपर्यंत कालवावे. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच सैल आणि चिकट असतो. हाताला चिकटतो म्हणून कोरडे पीठ लावायचा मोह टाळावा. हात पाण्याने ओले करावेत. मळत बसण्याची गरज नाही, कारण मळून ताणायला ग्लुटेनच नाही.

गोळा थेट तेल लावलेल्या साच्यात घालून एकदाच फुगवायचा. दुप्पट होण्याची वाट पाहू नये. दीडपट झाला की ओव्हनमध्ये. जास्त फुगला तर आतल्या बुडबुड्यांच्या भिंती हवा पेलू शकत नाहीत आणि भाजताना मधोमध खड्डा पडतो. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात होतो, थंडीत तासाहून जास्त लागतो.

ओव्हन २२० अंशांवर आधीच तापलेला असावा. २० मिनिटांनी २०० अंशांवर आणून आणखी ४०-४५ मिनिटे भाजावे. वरचा रंग लवकर येतो, पण आतले पाणी निघायला वेळ लागतो. वर करपू लागले तर फॉइल झाकावी. मधले तापमान ९७-९८ अंश झाले की पाव शिजला. नंतर साच्यातून काढून जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना कापला तर सुरीला गोंद लागतो आणि पाव कच्चा वाटतो, खरे तर स्टार्च अजून बसलेला नसतो.

घरात सिलिॲकचा (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा) रुग्ण असेल तर सगळ्यात मोठा धोका गिरणीत आहे. आधी गहू दळलेल्या जात्यातून तुमची ज्वारी गेली की गहू मिसळलाच. पीठ घरघंटीवर दळा, तीही फक्त या धान्यांसाठी ठेवलेली, किंवा ग्लुटेनमुक्त छापलेले पाकीट आणा. भारतात त्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. चाळणी आणि लाकडी उलथनी वेगळी हवीत. बांधणीच्या हिंगातही बरेचदा गव्हाचे पीठ असते, म्हणून मसाला पाव करताना तेही तपासा.

हा पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो, फ्रिजमध्ये तर अधिकच लवकर. गार झाल्यावर त्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घालावेत. तो टोस्टरही गव्हाच्या ब्रेडला कधी न लावलेला हवा.