खालून भोक असलेला पाव

आमच्या घरच्या पावाला खालून भोक असतं. अंगठा आत जाईल एवढं. ब्रेड मशीनच्या भांड्यात तळाशी एक छोटं पातं असतं, ते पीठ मळतं आणि पाव भाजून होईपर्यंत तिथेच रुतून बसतं. भांडं उपडं केलं की पातं कधी भांड्यात राहतं, कधी पावाच्या पोटात येतं. भोक मात्र ठरलेलं. पहिल्या दिवशी आईनं पाव उलटा करून बघितला आणि विचारलं, "उंदीर लागलाय का रे याला?" तेव्हापासून मधल्या, भोकाच्या स्लाइस माझ्या.

मशीन घरात आलं ते २०१६ मध्ये. त्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले होते आणि त्यातल्या ८४ टक्क्यांमध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट ही पिठात मिसळली जाणारी, तब्येतीला घातक मानलेली रसायनं सापडली होती. पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर बंदी आली, पण बायकोनं त्याआधीच आमच्या घरात ब्रेडवर बंदी आणली होती. दिवाळीत ताई न्यू जर्सीहून आली ती आपलं जुनं ब्रेड मशीन बॅगेत घालूनच. येताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही, की तिकडची वीज ११० व्होल्टची. मग मी तपकीर गल्लीत जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो मशीनपेक्षा जड निघाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! अजूनही तो ओट्याखाली गुणगुणत असतो.

आईचा या प्रकरणाला विरोध नव्हता, पण आदरही नव्हता. तिच्या लहानपणी पाव यायचा तो कुणी तापानं फणफणलं तरच, दुधात बुडवून खायला. एरवी "पायानं मळतात म्हणून पाव" असं सांगून पोरांना लांब ठेवायचे. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, पायाचा काही संबंध नाही, हे मी तिला दोनदा सांगून बघितलं. "असेल," म्हणाली. त्या 'असेल'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे.

ताईनं टायमर शिकवला. रात्री दहाला सगळं घालायचं, सकाळी साडेसहाला गरम पाव. दूध घालायचं नाही, रात्रभरात नासेल. पाणी आणि दुधाची पावडर घालायची. यीस्ट सगळ्यात वर, पिठात खळगं करून, म्हणजे वेळ होईपर्यंत त्याला पाणी लागत नाही. हे सगळं मी केलं. पहाटे तीनला मशीन मळायला लागलं, हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. ओट्यावर कुणीतरी धावतंय असा आवाज. मी उठून गेलो तर आई आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात लाटणं. मशीन थरथरत, स्वतःच्याच जोरानं वीतभर सरकत ओट्याच्या कडेला आलं होतं. आता त्याच्याखाली ओलं फडकं असतं.

पहिले काही पाव मैद्याचे झाले, ते देखणे झाले. मग बायको म्हणाली, मैदाच खायचा तर बेकरी काय वाईट होती? म्हणून गिरणीतून दळून आणलेली लोकवनची कणीक घातली. जे बाहेर आलं त्यावर पाटा ठेवला असता तरी चाललं असतं. पीठ मळताना त्यात एक लवचीक जाळी तयार होते, कणकेतला कोंडा ती तोडत जातो आणि पाणीही जास्त पितो, हे नंतर कळलं. एकदा मीठ विसरलो, तर पाव फुगत फुगत झाकणाला टेकला आणि मग मधोमध खचला. आईनं त्या विवराकडे एक नजर टाकली. "मीठ नाही घातलंस." चाखलासुद्धा नव्हता तिनं. यीस्टला आवरून धरायचं काम मीठ करतं, हे मला पुस्तिकेतून कळलं. तिला कुठून कळलं कोण जाणे.

ओळखीत ज्यांच्या ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांच्याकडे असेच किस्से आहेत. एका मित्रानं कौतुकानं शेजाऱ्यांना अख्खा पाव नेऊन दिला, आणि दुसऱ्या दिवशी पातं मागायला गेला. तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. एका वहिनींनी त्यात आजवर एकही पाव केलेला नाही. त्या फक्त पुरणपोळीची कणीक मळून घेतात आणि भाजायच्या आधी बटण बंद करतात. बाकीच्यांची मशीनं माळ्यावर आहेत.

या मशीनच्या जन्माची एक गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, १९८०च्या दशकात घरगुती ब्रेड मशीन बनवत होती. पाव काही जमेना. वरून करपायचा, आत कच्चा. त्यांनी मशीननं मळलेल्या आणि हातानं मळलेल्या पिठाचे एक्स-रेसुद्धा काढून बघितले. शेवटी इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाकाच्या एका मोठ्या हॉटेलातल्या मुख्य बेकरच्या हाताखाली मळायला शिकली. तिच्या लक्षात आलं, की तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणता ताणता पिळतो. मग भांड्याच्या आत फासळ्यांसारख्या पट्ट्या बसवल्या आणि १९८७ साली मशीन बाजारात आलं. मी ही गोष्ट आईला सांगितली. "मग विचारायचं ना आधीच," ती म्हणाली.

एका गुरुवारी, पीठ दुसऱ्यांदा फुगत असताना वीज गेली. आमच्या मशीनला दहा मिनिटांपलीकडचं काही आठवत नाही. अर्ध्या तासानं वीज आली तेव्हा पडद्यावर नुसतं कोरं घड्याळ लुकलुकत होतं. मी पीठ टाकून द्यायला निघालो होतो. आईनं भांडं काढून घेतलं, पीठ बोटानं दाबलं, खड्डा हळूहळू वर येताना बघितला आणि कढई ठेवली. त्या दिवशीच्या भटुऱ्यांसारखे भटुरे मी हॉटेलात खाल्लेले नाहीत. आठव्या भटुऱ्यात पातं सापडलं.

त्यानंतर ती मशीनमध्ये लक्ष घालू लागली. मळणं सुरू होऊन दहा मिनिटं झाली की झाकण उघडते, पीठ चाचपते, चमचाभर पाणी नाहीतर चिमूटभर पीठ टाकते. पावसाळ्यात पाणी कमी, मार्चपासून जास्त. फ्रिजवर मी प्रमाणाचा कागद लावलाय: कणीक १७५ ग्रॅम, मैदा १७५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, यीस्ट १ चमचा, पाणी २३० मिली. त्यातल्या २३० वर आईनं काट मारून बाजूला 'बघून' लिहिलंय.

परवा ताईचा फोन आला. तिनं तिकडे नवीन मशीन घेतलंय आणि तिचा पाव बसतोय. मी कागदाचा फोटो पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल. "अरे, बघून म्हणजे किती?"

आईनं चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आधी झाकण उघड. हं, आता फोन जरा आत धर."