बाबांना घेऊन पार्माच्या किल्ल्यांवर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन उत्तर इटलीत पार्माला जाऊन आले. सहा रात्री एकाच ठिकाणी मुक्काम आणि चार किल्ले. "इतक्या लांब जाऊन चारच?" असं घरी आल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, म्हणून आधीच सांगते. आमच्या यादीत नऊ होते. दुसऱ्या दिवशी रात्री ती यादी बाजूला ठेवली आणि खरी सहल तिथून सुरू झाली.

बाबा एकाहत्तर वर्षांचे. सह्याद्रीतले शंभरावर किल्ले त्यांनी पायी पाहिलेत, पण आता गुडघे ऐकत नाहीत. साल्हेरसारखा उंच गड पुन्हा होणे नाही, हे त्यांनी स्वतःच दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं. तेव्हापासून माझ्या मनात होतं की गाडी जवळपर्यंत जाते असे, पण खरेखुरे, किल्ले त्यांना दाखवायचे.

पार्माच निवडलं त्याला कारण आहे. उत्तरेला पो नदीचं सपाट मैदान, दक्षिणेला अपेनाईन डोंगर, आणि डोंगरातून उतरणारी प्रत्येक नदी म्हणजे एक वेगळं खोरं. रॉस्सी, सानविताले, लांदी, पाल्लाविचीनो या सरदार घराण्यांनी ही खोरी वाटून घेतली होती. रोमकडे जाणारा जुना यात्रामार्ग चीसा खिंडीतून याच भागातून जातो. घाटवाटेवर नजर ठेवायला किल्ला लागतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे पार्मा आणि शेजारच्या प्याचेंझा प्रांतात टेकडी-टेकडीवर किल्ले दिसतात.

तोरेकियाराचा किल्ला पार्मापासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. रस्त्याच्या वळणावर समोर येतो तेव्हा चार कोपऱ्यांचे चार चौकोनी बुरूज, खाली एकात एक तटबंद्या आणि उतारावर द्राक्षाचे मळे असं चित्र दिसतं. पिएर मारिया रॉस्सी या सरदाराने तो 1448 ते 1460 या काळात बांधला. बांधणी लढाऊ आहे. तटाच्या माथ्याला टोड्यांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी आधारांवर, पुढे काढलेली कड आहे, तिच्या फटींतून खाली आलेल्या शत्रूवर मारा करता यायचा. बाबा तिथेच अर्धा तास थांबले. जंग्या (मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोकं) कुठल्या कोनात आहेत, चऱ्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) नंतर छपराखाली कशा गेल्या, हे ते बोटाने दाखवत होते.

पण या किल्ल्याचं हृदय वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आहे. तिला 'कामेरा द'ओरो', म्हणजे सोन्याची खोली, म्हणतात. रॉस्सीचं बियांका पेल्लेग्रिनी या स्त्रीवर प्रेम होतं. दोघांचीही लग्नं दुसरीकडे झालेली. तिच्यासाठी त्याने ही खोली सजवून घेतली. भिंतींना भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरशा आहेत, त्यांवर एकेकाळी सोन्याचा वर्ख आणि निळा रंग होता. आता बहुतेक मातीचाच रंग उरलाय. फरशांवर किल्ला आहे, दोघांची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरं आहेत, आणि फितीने बांधलेली दोन हृदयं आहेत. सोबत लॅटिन शब्द, 'नुंक एत सेम्पर', आता आणि नेहमी. खिडकीजवळच्या फरशीकडे समोरून नका बघू, बाजूला उभं राहून तिरपं बघा. उजेड तसा पडला की खोबणीत अडकलेला रंग दिसतो. मला तो बाबांनी दाखवला.

छतावरच्या चित्रांत बियांका यात्रेकरूच्या वेशात, हातात काठी घेऊन फिरताना दिसते. तिच्या आडनावाचा अर्थच यात्रेकरू. ही चित्रं बेनेदेत्तो बेंबो या चित्रकाराची मानली जातात. ती फिरते कुठे, तर रॉस्सीच्या मुलखातून, एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर. बाबा मान वर करून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "अगं, हे प्रेमाचं चित्र आहेच, पण ही त्याच्या गडांची यादी आहे. कुठला गड कसा दिसत होता ते सगळं इथे लिहून ठेवलंय." पंधराव्या शतकातल्या किल्ल्यांचं त्याच काळातलं चित्र डोक्यावर, आणि आम्ही त्यातल्याच एकात उभे! त्या दिवशी दुसरा किल्ला नकोच वाटला. मागच्या बाजूच्या सज्जात बसून पार्मा नदीचं खोरं बघितलं आणि परतलो. यादी सोडली ती याच रात्री.

तोरेकियाराला जाणाऱ्यांसाठी: गाडीतळापासून दारापर्यंत दगडगोट्यांची चढण आहे, फार लांब नाही, पण पाऊस पडून गेला असेल तर घसरते. रबरी तळाचे बूट घाला. आत जिने आहेत. पार्माहून लांगिरानोकडे जाणारी बसही पायथ्याशी सोडते, त्यामुळे गाडी नसली तरी हा एक किल्ला नक्की जमतो.

आता गाडीबद्दल, कारण बाकीचे किल्ले गाडीशिवाय कठीण. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच, तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढून घ्या. तिथे गाडी देताना तो मागितला गेला आणि आमच्या शेजारच्या कुटुंबाकडे नव्हता, त्यांची सहल काउंटरवरच अडली. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर महिनाभर आधी आरक्षण करा, नाहीतर हातात गिअरचीच येते आणि उजव्या बाजूने चालवताना तेवढं एक काम वाढतं. गावांच्या जुन्या भागात 'झेड टी एल' लिहिलेली, लाल कडेच्या गोलाची पाटी असते. परवान्याशिवाय त्यापुढे गाडी न्यायची नाही. कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. पार्माच्या मध्यभागीही हे आहे, म्हणून राहण्याची जागा घेताना गाडी कुठे लावायची ते आधी विचारा. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत. पेट्रोल स्वतः भरलं तर स्वस्त, माणसाने भरून दिलं तर त्याचा दर वेगळा.

आणि वेळा! आमचा पहिला दिवस याच्यामुळे गेला. साडेबाराला एका दारात पोहोचलो तर दुपारची सुट्टी लागलेली. बरेच किल्ले दुपारी दोन-अडीच तास बंद असतात, सोमवारी अनेक ठिकाणी पूर्ण दिवस बंद, आणि तिकीटखिडकी बंद होण्याच्या वेळेआधीच मिटते. ऋतू बदलला की वेळाही बदलतात, म्हणून आदल्या रात्री त्या-त्या किल्ल्याचं संकेतस्थळ बघा. सकाळी एक आणि जेवणानंतर एक, याहून जास्त ठरवूच नका. माझ्या मते एकच ठरवा.

फोंतानेल्लातो हा अस्सल भुईकोट. मैदानातल्या गावाच्या मधोमध विटांचा कोट आणि चारही बाजूंनी पाण्याने भरलेला खंदक. हा सानविताले घराण्याचा वाडा, 1948 मध्ये त्यांनी तो गावाच्या नगरपालिकेला विकला. तळमजल्यावर एक छोटी खोली आहे, तिच्या छतावर पार्मिजानीनो या चित्रकाराने विशी ओलांडता-ओलांडता डायना आणि अ‍ॅक्टिऑनची गोष्ट रंगवली आहे. देवीला स्नान करताना पाहिलं म्हणून शिकारी हरीण होतो आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. कुत्र्यांच्या चेहऱ्यांकडे नीट बघा. शिवाय एका बुरुजात अंधारी खोली आहे, तिथे भिंगांच्या योजनेने बाहेरच्या चौकाचं चालतं-बोलतं दृश्य आत पडद्यावर दिसतं. सायकलवरून जाणाऱ्या बाई आम्हाला दिसत होत्या, त्यांना आम्ही नाही. वयस्कर माणसांसाठी चौघांत सगळ्यात सोपा किल्ला हाच.

बार्दीला मात्र पूर्ण दिवस द्या. पार्मापासून साठेक किलोमीटर, पण रस्ता चेनो नदीच्या खोऱ्यातून वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट भरून निघू नये. जॅस्पर या लालसर दगडाच्या एकसंध कड्यावर हा किल्ला उभा आहे, खडक कुठे संपला आणि तट कुठे सुरू झाला ते खालून कळत नाही. 1257 पासून तो लांदी घराण्याकडे होता. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चालता येतं, आणि तिथून खाली गावाची छपरं आणि समोर डोंगरांच्या रांगा दिसतात. चाल अरुंद आहे आणि पायऱ्या असमान, बाबांनी निम्मीच केली. इथे मोरोएल्लो आणि त्याची प्रेयसी सोलेस्ते यांची गोष्ट सांगतात. लढाईवर गेलेला तो शत्रूची निशाणं विजयाची खूण म्हणून मिरवत परत आला, तिला वाटलं शत्रूच आला, आणि तिने बुरुजावरून उडी घेतली.

खाली गावातल्या बारमध्ये एक आजोबा आमच्याशी इंग्रजीत बोलायला लागले, तेही वेल्सच्या हेलात. या डोंगरातून शेकडो माणसं पोटासाठी साउथ वेल्सला गेली आणि तिथल्या कोळसा खाणींच्या गावांत त्यांनी कॅफे चालवले. 1940 च्या जुलैमध्ये 'अरांदोरा स्टार' जहाज बुडालं, त्यात ब्रिटनमधून नजरकैदी म्हणून नेले जाणारे इटालियन होते, बार्दीचेही अनेक. गावच्या दफनभूमीत त्यांच्या स्मरणार्थ छोटं प्रार्थनास्थळ आहे. बार्दीला गेलात तर तिथेही जा.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण बाबा शाकाहारी. पालेभाजी आणि रिकोटा चीज भरलेले 'तोर्तेल्ली द'एर्बेत्ता' इथे सगळीकडे मिळतात आणि छान असतात. मात्र पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचार करून ठेवावा. पुरीसारखी फुगलेली 'तोर्ता फ्रित्ता' बघून बाबांना आनंद झाला होता, पण ती परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी विचाराच. बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नव्हे, तिथली पद्धत आहे.

शेवटचा दिवस कानोस्साचा. हे रेज्जो एमिलिया प्रांतात येतं, पार्माहून तासाभराच्या आत. पांढरट खडकावर थोडे अवशेष उरलेत, एक छोटं संग्रहालय आहे, बस. पण 1077 च्या जानेवारीत सम्राटपदाच्या वाटेवरचा जर्मन राजा चौथा हेन्री, पोपने बहिष्कृत केल्यावर, माफी मागायला इथे आला आणि तीन दिवस बर्फात दाराबाहेर थांबला. आत मातिल्दे या सरदारीणीच्या किल्ल्यात पोप सातवा ग्रेगरी होता. 1255 मध्ये रेज्जोच्या लोकांनी किल्ला पाडला. सजवलेल्या खोल्या नाहीत, मार्गदर्शक नाही, फक्त वारा आणि जोती. सहा दिवसांत बाबा सगळ्यात जास्त खुलले ते इथे. एका जोत्यावर बसून त्यांनी दरवाजा कुठे असेल ते वाटेच्या वळणावरून ताडायला सुरुवात केली. मी पाण्याची बाटली आणि पेरू-नासपतींची पिशवी काढली. समोर तांबूस खडकावर रोस्सेनाचा किल्ला आणि त्याच्या बाजूला एकटा मनोरा दिसत होता. "तो कुठला?" बाबांनी विचारलं. आमच्या यादीतला तो सहावा होता.