जिंकून बुडालेला पिऱ्हस

इलेक्शनचा निकाल लागला की चॅनेलवर कोणीतरी हमखास 'पिऱ्हिक व्हिक्टरी' म्हणतंच, म्हणजे जिंकला पण खर्चात मेला, आपली चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. पण ज्याच्या नावावर हे खपतं तो पिऱ्हस काही येडा नव्हता हो, चांगला कसलेला सेनापती होता.

हा ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरसचा राजा. दक्षिण इटलीतल्या टॅरेंटमवाल्यांचं रोमशी वाजलं आणि त्यांनी याला बोलावलं, तर हा इ.स.पू. 280 मध्ये साधारण पंचवीस हजार माणसं आणि वीस हत्ती घेऊन समुद्र ओलांडून आला. रोमनांनी हत्ती बघितलाच नव्हता कधी! हेराक्लिआच्या लढाईत त्यांचे घोडे बिथरले, स्वार घेऊन उलटे पळाले, आणि लुकानिया प्रांतात पहिल्यांदा दिसला म्हणून रोमनांनी हत्तीला नाव ठेवलं 'लुकानियाचा बैल'. मला हे फार आवडतं, एवढं धूड अंगावर येतंय आणि यांना बैल आठवतोय.

पुढच्या वर्षी अस्कुलमला परत पिऱ्हसच जिंकला. कोणीतरी अभिनंदन करायला गेलं तर म्हणाला, रोमनांशी अशी अजून एक लढाई जिंकलो तर आपण पुरते बुडालो. हे प्लुटार्क नावाच्या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय, आकडे पण दिलेत, रोमनांचे सहा हजार पडले आणि याचे 3505. म्हणजे जास्त माणसं मेली ती हरणाऱ्यांचीच! लोक इथेच गडबडतात, त्यांना वाटतं पिऱ्हिक म्हणजे जिंकणाऱ्याचं नुकसान जास्त. तसं नाहीये, प्रश्न भरपाईचा होता. याचे जुने सरदार, सोबती जवळपास संपले, घरून नवीन माणूस येणार नव्हता, आणि रोमनांची छावणी मात्र झरा वाहावा तशी परत भरत होती. स्वतःचा हिशोब त्यानेच सगळ्यात आधी मांडला, आणि जगाने त्यालाच त्याचं लेबल लावलं, हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

अर्थात सावध करणारा माणूस होता त्याच्याकडे, सिनीअस नावाचा. निघायच्या आधीच त्याने विचारलेलं, इटली घेतल्यावर काय? सिसिली. मग? आफ्रिका, कार्थेज. मग? मग काय, निवांत बसू, रोज पिऊ, गप्पा मारू. तर सिनीअस म्हणाला, मग ते आत्ताच करायला कोणी अडवलंय? पिऱ्हसला ते लागलं म्हणे, पण बेत काही बदलला नाही. इटली झाली, सिसिली झाली, हाताला काहीच लागलं नाही, आणि इ.स.पू. 272 मध्ये ग्रीसमधल्या आर्गोस शहराच्या गल्लीत लढताना एका म्हातारीने छपरावरून याच्या मानेवर कौल हाणलं, कारण खाली हा तिच्या पोराच्या अंगावर चालून गेला होता.