तोंडाला मुसकं

डवऱ्याचा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढणाऱ्या औताचा, बैल शिवीशिवाय वळत नाही, यावर आमच्या गावात दुमत नाही. एरवी वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातील, पण इथे एकमत. तास संपलं, कासरा ओढला, की सोबत बैलाच्या मायचा उद्धार झालाच पाहिजे. जुलैत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागली की एखाद्या सकाळी शिवारात उभं राहून ऐका. चारी बाजूंनी डवरे चालू असतात आणि चारी बाजूंनी बैलांच्या वंशावळी.

माझी ही सवय सुटायला लागली ती कोण्या महाराजांमुळे नाही. माळ घालूनही ती सुटतेच असं नाही. आमच्या काकांनी माळ घातली, मटण सुटलं, बाटली सुटली, शिवी राहिली. आता ते प्रत्येक शिवीमागून ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात, म्हणजे दोन्ही खात्यांत जमा. माझ्या बाबतीत घडलं ते इतकंच की बायको शिदोरी घेऊन वावरात आली, बांधावर बसून माझं डवरणं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “अजी, पीक खाऊ नये म्हणून बैलाले मुसकं बांधता. तुमच्या तोंडाले काऊन नाई बांधत?”

मग पाहिलं करून. बैल वळले. ते कासऱ्याला वळत होते, आवाजाच्या चढाला वळत होते, आम्ही काय म्हणतो याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्याच सुरात सतराचा पाढा म्हटला, तरी उजवीकडचा बरोबर तासाला लागला. शिवी बैलासाठी नव्हतीच. उन्हात चालून चालून पोटऱ्या भरून येतात, त्या पोटऱ्यांसाठी होती.

यात तथ्य आहे म्हणे. इंग्लंडातल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून बसवलं, एकदा शिवी घोकत, एकदा साधा शब्द घोकत. शिवी घोकताना हात जास्त वेळ पाण्यात राहिले. हे २००९ सालचं. दोन वर्षांनी त्यांनीच पुढचं काढलं, की जो रोज उठता-बसता शिव्या देतो त्याला हा फायदा कमी मिळतो. झालं, आमच्या गावाचा निकाल लागला. उद्या इथे कोणाला विंचू चावला तर शिवीचा काडीचा उपयोग व्हायचा नाही. सगळा साठा डवरणीतच संपलेला.

बैलांचं मला नवल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” वर्षभर मायबहीण काढलेल्याच तोंडानं हे बोलायचं. आणि ते येतात. माणूस आला असता का? दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी यमकबाज कवनं, रंगतात. सावकार, सरकार, पुढारी, न आलेला पाऊस, एकेकाला तालावर धुतलं जातं आणि शेवटी सगळे मिळून ‘हर बोला हर हर महादेव’. चांगल्या झडतीत कोणाच्या मायचं नाव येत नाही, तरी ज्याला लागायची त्याला नेमकी लागते. समोर उभा राहून तो हसतो, कान मात्र लाल झालेले असतात.

शिवीचं हे जमत नाही. भांडण दोघा गड्यांचं, आणि मार खाते घरी भाकरी थापत बसलेली तिसरीच. २०२४ च्या शेवटी नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. बातमी आमच्या पारावर मोठ्यानं वाचली गेली. आपल्याकडे हे लागू झालं तर कापसाचा चुकारा थेट ग्रामपंचायतीतच जमा करावा लागेल, यावर पुन्हा एकमत झालं. ठराव मला आवडला. पण त्याच पारावर मी ऐकलेलं सगळ्यात घाण वाक्य कोणत्याच ठरावात बसलं नसतं. “यांच्यात असंच राह्यते.” चहा पिता पिता, हसत हसत. दलित-आदिवासी माणसाला चारचौघांत जात काढून शिवी दिली तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा होतो, पण ‘यांच्यात’ म्हणायला जातीचं नाव घ्यावं लागत नाही, आणि म्हणणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

बायकांची शाळा आणखी निराळी. त्या मायबहिणीवर जात नाहीत, सरळ मरणावर जातात. शेळी पऱ्हाटीत शिरली की “तुले पटकी येवो”, “तुले वाघ खावो”. पटकीला आता कोणी भीत नाही, कॉलऱ्याचं ते जुनं नाव शेळ्यांपुरतं उरलं. वाघाचं तसं नाही. माझी मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडची. तिकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला बायका पहाटे जंगलात जातात आणि एखादी परत येत नाही. मावशीच्या गावातली एक गेली, तेव्हापासून तिथं शेळीला वाघाचा शाप कोणी देत नाही. ग्रामसभा नाही, दंड नाही, कोणी कोणाला सांगितलंही नाही. शेळ्या पूर्वीसारख्याच पिकात शिरतात, बायका नुसत्या दगड भिरकावतात.

माझं सुटलं ते अर्धंच. माणसाला नाही, बैलाला नाही. रात्रपाळीच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी देताना मोटर बंद पडली तर तिला आहे, तिला माय नाही म्हणून. प्रश्न फक्त रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, होता. थंडीत जागलीला बसून, डबा वाजवून, टॉर्च मारूनही ते घाटे खाऊन जातात, तेव्हा पाढे म्हणवत नाहीत. तेवढी सूट मी घरी मागितली. बायकोनं विचार केला.

“रोह्याले द्या. पण त्याची माय नाई काढाची. तिनं खाल्ला का आपला हरभरा?”

खाल्लाही असेल, रोही कळपानं येतात. पण मी वाद घातला नाही.