फुगडी चालते, ट्रॅकपँट नाही

आमच्या आईला व्यायाम कर म्हटलं की लगेच गुडघे दुखतात, पण यंदा श्रावणात चुलतबहिणीच्या मंगळागौरीला ह्याच बाईने पदर खोचून रात्री 1 वाजेपर्यंत फुगड्या घातल्या, झिम्मा, पिंगा, वर सूपसुद्धा नाचवलं, आणि आम्ही तिशीतल्या पोरी भिंतीला टेकून धापा टाकतोय. मी म्हटलं, आई हे कार्डिओच आहे की गं! तर म्हणे, "काहीतरीच काय, देवीसमोरचा खेळ आहे हा."

तिला हालचालीचा कंटाळा नाहीचे मुळी, ट्रॅकपँट घालून चौकातून चालत जायची लाज वाटते, कोपऱ्यावरचे काका बघतात ना (काका स्वतः ढेरी सांभाळत चहा पीत असतात, ते वेगळं). बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारीत अनवाणी धावून जिंकल्या, त्या आईला एकदम आपल्यातल्या वाटतात.

कुस्तीचं तर विचारूच नका. माझ्या आजोळी तालमीत बाईने पाय ठेवायचा नाही असंच होतं, आत मारुती ना. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून आणि महिलांची पहिली झाली थेट 2023 ला, सांगलीत, प्रतीक्षा बागडी जिंकली. बासष्ट वर्षं लागली राव!

असो. आई आता सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना मंगळागौरीचे खेळ शिकवते, आठवड्यातून 3 दिवस, गुडघ्यांचं नावही काढत नाही. ट्रॅकपँट अजून कपाटात, लेबलासकट.