वळणानंतरची पाटी

सायकलवाल्याच्या जिवावर येतो तो चढ, आणि त्याहून जास्त विनाकारण थांबणं. चढ निदान पलीकडे उतार तरी देतो. थांबण्याचं तसं नाही. पायांनी कमावलेली गती ब्रेक दाबला की गेली, आणि परत कमवायची ती त्याच पायांनी. म्हणून जी पाटी वाचायला एक पाय जमिनीवर टेकावा लागतो, ती कुणीतरी मोटारीत बसून लावली असणार, असं मी खुशाल धरून चालतो.

ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ मीटर. एवढ्या वेगात वाचायला वेळच वेळ, असं वाटेल. पण सायकलवाल्याची नजर वर असते कुठे? ती चाकापुढच्या रस्त्यावर असते: खड्डा, फुटकी काच, अचानक उघडणारं मोटारीचं दार. त्यामुळे खांबावरच्या पाटीआधी डांबरावर रंगवलेली सायकल आणि बाण दिसतो. पुढे टायर आणि पाऊस मिळून तो रंग खातात, आणि एकाच चाकाची सायकल उरते. बाणावर हमखास कुणाची तरी गाडी उभी असते, ते वेगळंच.

या कामातले लोक पाट्यांचे तीन प्रकार सांगतात. कुठला रस्ता कुठे जातो आणि किती दूर, हे चौकाआधी सांगणारी एक, ‘इथे वळा’ म्हणणारी दुसरी. तिसरी तुम्ही मार्गावरच असताना भेटते. तिच्यावर नवीन काहीच नसतं; तुम्ही बरोबर चालला आहात, एवढंच. मला तीच सगळ्यांत लाडकी. पैसे कमी पडले की पहिली गाळली जात असेल तीही हीच, असा माझा दाट संशय आहे.

एकदा बाण बघून वळलो आणि पुढे वीस मिनिटं एकही खूण नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप मंदावायचे. मागे फिरावं, तर किती मागे? शेवटी पोहोचलो. रस्ता बरोबरच होता. दमलो ते शंकेनं.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये मार्गाच्या पाट्यांवर अंतराशेजारी मिनिटंही लिहितात. कल्पना छान, पण मिनिटं कुणाची? समोरून वारा असेल तर? मी त्या आकड्याशी शर्यत लावली असती आणि हरलो असतो.

माझी पसंती बेल्जियममधल्या लिंबर्गच्या युक्तीला. तिथे १९९५ मध्ये मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणांना क्रमांक दिले. निघताना चिठ्ठीवर १२, ४७, ८ असं लिहून हँडलला अडकवायचं. प्रत्येक जोडावर तिथला क्रमांक दिसतो आणि पुढच्याकडे बाण असतो. म्हणजे ४७ दिसला की वाटदर्शकही तोच, पाठीवरची थापही तीच. ही कल्पना ह्युगो बोलेन या खाण-अभियंत्याची. खाणीशी संबंध आलेल्याला खुणेची किंमत सांगायला लागत नसेल.

परवा एका वळणानंतर खांबावर हाताएवढी चौकोनी पट्टी दिसली. सायकलचं चित्र, बस्स. बाणही नव्हता. समोर कुणी नसताना मी घंटी वाजवली.