टायडी म्हणजे केवळ स्वच्छ नव्हे

इंग्रजीतील 'टायडी' हे विशेषण आपण शाळेतच शिकतो आणि 'नीटनेटका' हा त्याचा अर्थ कायमचा लक्षात ठेवतो. हा अर्थ चुकीचा नाही; परंतु तेवढ्यावर थांबल्यास या शब्दातील सर्वांत सुंदर गोष्ट नजरेआड राहते. 'टायडी'चे मूळ स्वच्छतेत नसून काळात आहे. आज समुद्राच्या भरती-ओहोटीसाठी रूढ असलेला 'टाइड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'वेळ' किंवा 'ऋतू' या अर्थाने वापरला जाई ('ईस्टरटाइड' म्हणजे ईस्टर सणाचा काळ, या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे), आणि त्यापासून बनलेले 'टायडी' म्हणजे आरंभी 'वेळेवरचे, हंगामातले'. जे वेळेवर येते ते चांगल्या स्थितीत असते, अशा विचाराने शब्द पुढे सरकला आणि अखेर 'व्यवस्थित' या अर्थावर स्थिरावला.

म्हणूनच 'क्लीन' आणि 'टायडी' यांची अदलाबदल करू नये, असे मला आग्रहाने वाटते. घासूनपुसून लख्ख केलेल्या ओट्यावर डबे, चमचे आणि किराण्याच्या पिशव्या अस्ताव्यस्त पडल्या असतील, तर ते स्वयंपाकघर 'क्लीन' असूनही 'टायडी' नाही. उलट पुस्तके आकारानुसार ओळीने लावलेल्या कपाटावर धुळीचा थर असेल, तरी ते 'टायडी' असू शकते. संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकम यांनी 2014 मध्ये 'टायडी डेटा' (माहिती तक्त्यात मांडण्याची एक पद्धत) ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांनाही हाच अर्थ अभिप्रेत होता: प्रत्येक चलाला (वय, वजन अशा मोजल्या जाणाऱ्या गुणधर्माला) स्वतःचा स्तंभ, प्रत्येक निरीक्षणाला स्वतःची ओळ आणि ज्यांची निरीक्षणे घेतली त्या प्रत्येक प्रकारच्या घटकाला (उदा. व्यक्ती, वस्तू) स्वतंत्र तक्ता. आकडे खरे आहेत की खोटे, हा प्रश्न तेथे वेगळाच राहतो. पाहिले जाते ते प्रत्येक आकड्याचे स्थान.

काही प्रयोगांत मात्र 'नीटनेटका' हा प्रतिशब्द चालतच नाही. 'अ टायडी सम' म्हणजे बरीच मोठी रक्कम. वेल्समधील बोलीत 'टायडी' म्हणजे 'छान, उत्तम', आणि तेथे मुलाला 'टॉक टायडी' असे सांगितले जाते तेव्हा 'नीट बोल' असा त्याचा अर्थ असतो. ब्रिटनमध्ये टेबलावर पेन-पेन्सिली ठेवण्याच्या खोक्याला 'डेस्क टायडी' म्हणतात. येथे तर विशेषणाचे नामच झाले आहे. क्रियापद म्हणून 'टायडी अप' सर्वत्र ऐकू येते, पण त्यात झाडणे-पुसणे गृहीत नसते. पसरलेल्या वस्तू उचलून जागच्या जागी ठेवल्या की ते काम पूर्ण होते.